एक कान उभा

थंडी पडली की आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. पोपटी कधी लावायची याची बोलणी, आणि कुत्र्याचं पिल्लू पाळायची हौस. पोपटीचं मी समजू शकते. वालाच्या कोवळ्या शेंगा, मडकं, भांबुर्ड्याचा पाला आणि पेंढ्याचा जाळ, यात रागावण्यासारखं काही नाही. पिल्लाचं मात्र मला सोसत नाही. काल तळमजल्यावरची मुलगी जिन्यात भेटली. हातात कोरी करकरीत लाल दोरी, दोरीच्या टोकाला दीड वितीचं भुरं पिल्लू, आणि त्या पिल्लाने पायरीवर बसकण मारलेली. मला म्हणाली, "आजी, आजपासून याला फिरवायला न्यायचंय. डॉक्टर म्हणाले, घरात कोंडून ठेवलं ना, की यांचा स्वभाव बिघडतो."

मी "हो का" म्हटलं, वर आले आणि दार लावून घेतलं. चहा टाकला, तो उतू गेला, तशीच बघत उभी राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या पोरीचा यात काडीचा दोष नाही, हे मला कळतं. पण हेच वाक्य मी पंधरा-सोळा वर्षांची असताना रोज ऐकत होते, आणि ज्या तोंडून ऐकत होते त्या तोंडाने मला घराबाहेर पडायला बंदी केलेली होती. इतकी वर्षं झाली, हाडांचा भुगा व्हायची वेळ आली, तरी हा राग काही म्हातारा होत नाही.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता आणि राज्य मुंबईचं. पनवेल म्हणजे पोह्यांच्या गिरण्यांचा खरपूस वास, मिठाच्या गाड्या, आणि मुंबई-पुणे रस्त्यावर धूळ उडवत जाणाऱ्या मोटारी. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तांदळाचा व्यापार. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन तो कुठल्या गावच्या भाताचा ते सांगायचे. मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात. फॉर्म भरून झालेला होता. दिवाळीच्या सुट्टीत पेणहून माझ्यासाठी स्थळ आलं. घर चांगलं, दुकान चालतं, मुलगा निर्व्यसनी. फक्त एक बारीकशी गोष्ट होती, मुलगा नॉनमॅट्रिक होता. दोनदा बसून दोनदा गणितात गेलेला. त्याच्या काकांनी निरोप पाठवला की मुलगी मॅट्रिक झालेली आम्हाला नको, पुढे घरात वितुष्ट येतं. झालं. सुट्टी संपली, शाळेची घंटा आमच्या घरात ऐकू आली, मी वेणी घालून दप्तर उचललं, आणि आई म्हणाली, "ठेव ते. आता घरातलं शिक."

म्हणजे बघा, गणितात नापास तो झाला आणि शाळा माझी सुटली.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले, कारण भूक लागली. अप्पा वाईट माणूस नव्हते. हे मला मुद्दाम लिहावं लागतं, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. फक्त ओटीवरून एकदा म्हणाले, "मुलीच्या जातीने सारखं बाहेर दिसू नये, आता बोलणी चालली आहेत." तेव्हापासून मी देवळाला जायचं तरी आईबरोबर आणि वाण्याकडे तर नाहीच.

मार्गशीर्षात आमच्याकडे कुत्रं आलं. माथेरानला बंगला असलेल्या एका पारशीणबाईंना अप्पांकडून तांदूळ जायचा. त्या मुंबईला कायमच्या निघाल्या आणि जाताना अप्पांना पिल्लू भेट देऊन गेल्या. अल्सेशियन, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या पनवेलमध्ये तेव्हा असं कुत्रं कुणाकडे नव्हतं. अप्पांची छाती गिरणीच्या पट्ट्यासारखी ताणली गेली. नाव ठेवलं सीझर. चांभाराकडून कातड्याचा पट्टा करून घेतला, लोहाराकडून साखळी. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ओटीवर बसवून सांगायला लागले, "साहेबी कुत्रं आहे. याला सकाळी तासभर फिरवलंच पाहिजे. जनावर कोंडून ठेवलं की बिघडतं." मी आत तांदूळ निवडत असायची. माझ्या हातातलं सूप तिथल्या तिथे थांबायचं.

फिरवायचं कुणी, हा प्रश्न आला. माझा मोठा भाऊ, दादा, म्हणाला, "मी काय साहेबाचा बटलर आहे का? भर बाजारातून कुत्र्यामागे चालू? लोक दात काढतील." अप्पांना स्वतःला तर शोभणारच नव्हतं. आईला लुगड्यात पळता येत नव्हतं. उरले कोण ते तुम्हीच बघा. ज्या कामात पुरुषाची शोभा जाते ते काम बाईला चालतं, हा नियम आमच्याकडे मुलीने बाहेर दिसू नये या नियमाहूनही जुना. अप्पा म्हणाले, "कुमुद नेईल. सकाळी सकाळीच. तळ्यापर्यंत जायचं आणि सरळ परत यायचं."

कुत्र्याच्या साखळीला धरून मी घराबाहेर पडले. मला काय वाटलं असेल म्हणता? आनंद? छे. संताप झाला होता नुसता.

पिल्लाला चालायला शिकवणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. पहिल्या दिवशी सीझर उंबऱ्यातच आडवा पडला. ओढलं तर फरफटत आला, पोटावर आमच्या सगळ्या लाईन आळीची धूळ घेऊन. बैलगाडी आली की माझ्या दोन पायांत घुसायचा, आणि मी पडता पडता राहायची. शेणाचा पो दिसला की तिथे त्याचं जेवण. गावातली कुत्री भुंकत आली की उलथा पडून पोट दाखवायचा, हा म्हणे सीझर. पाच-सहा दिवस मी त्याला अर्धी वाट काखोटीला मारूनच नेलं. त्याच्या पोटाचा ऊबदार, आंबूस वास माझ्या पोलक्याला यायचा. मग एका सकाळी त्याला कळलं की साखळी म्हणजे शिक्षा नाही. त्याने मान वर केली, शेपूट ताठ केली आणि टुणटुणत मला ओढत निघाला. वडाळे तळ्यावर धुकं होतं. पायऱ्यांवर धुण्याचे आवाज चालले होते. मी त्याच्यामागून पळत होते, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच मला धाप लागली. त्या सकाळी मी रडले. घरात रडायची सोय नव्हती, तिथे आई लगेच विचारायची.

तिथेच मालतीबाई भेटल्या. शाळेत आम्हाला गणित शिकवायच्या, तळ्याच्या पलीकडे म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे गावाला बोलायला विषय होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं आणि विचारलं, "रोज येतेस का इकडे?" मी म्हटलं, हो. "किती वेळ असतो?" म्हटलं, तासभर. बाईंनी हिशेब केला. जाण्यायेण्याला वीस मिनिटं, म्हणजे चाळीस उरतात. दुसऱ्या दिवसापासून सीझर त्यांच्या पडवीच्या खांबाला आणि मी पाटीपुढे.

चाळीस मिनिटांत बीजगणित, नाहीतर एखादं प्रमेय. वही घरी नेता येत नव्हती, म्हणून ती बाईंकडेच राहायची. भूमितीचे रायडर, म्हणजे प्रमेयांवरची उदाहरणं, घरी सोडवायला म्हणून बाई ते चिठ्ठीवर लिहून द्यायच्या, आणि चिठ्ठी मी सीझरच्या पट्ट्याखाली सरकवायची. अप्पा संध्याकाळी ओटीवर बसून त्याच्या गळ्याखाली खाजवायला लागले की माझा जीव खालीवर व्हायचा. दोन बोटांच्या अंतरावर समद्विभुज त्रिकोण होता. सीझरला बाईंचा लळा लागला तो त्यांच्या आईमुळे. म्हातारी त्याला भाकरीचा कडक पापुद्रा द्यायची. मग तो बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटायचा, आणि मी लघुत्तम काढायची.

बाईंनी मला एकच गोष्ट स्पष्ट सांगितली होती. "हॉल तिकीट आलं की मी स्वतः तुझ्या वडिलांकडे येईन. भांडणार नाही, विनंती करीन. पण तू तयार आहेस हे तुझ्या तोंडून यायला हवं. मी सांगून काय उपयोग, मी बाहेरची. तू एकदा म्हणालीस की पुढचं मी बघते." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

पण त्या तासावर टांगती तलवार होती, आणि ती कुत्र्याच्या कानांची होती. पारशीणबाई सांगून गेल्या होत्या की अल्सेशियनचे कान चौथ्या-पाचव्या महिन्यात उभे राहतात. सीझरचे कान वाळत घातलेल्या फडक्यासारखे पडलेले. समोरचे तात्या रोज सकाळी दात घासता घासता अप्पांना हाक मारायचे, "काय हो, उठले का कान? मला तर बुवा गावठीच वाटतंय." अप्पांचा चेहरा उतरायचा. एकदा ते आईला म्हणाले, "गावठी निघालं तर कसलं फिरवायचं? मोकळं सोडायचं, खाईल कुठेतरी." मी आत ऐकलं. माझी मॅट्रिक त्या दोन कानांवर उभी राहायची होती.

मग काय करणार? पुठ्ठ्याचे त्रिकोण कापले. समद्विभुज, नीट मोजून. दवाखान्यातून दादाच्या पायाला म्हणून आणलेली चिकटपट्टी घेतली आणि आतल्या बाजूने कानांना पुठ्ठा चिकटवला. दिवसभर सीझर दोन शिंगं फुटल्यासारखा फिरायचा. आईला सांगितलं, कान दुखतात त्याचे. वालाच्या शेंगा विकायला आगरी वाड्यावरून भीमाबाय यायची, तिनं टोपली उतरवली आणि बघतच राहिली. "याचा नाव काय म्हनालीस? शिजर? आन कानाला काय बांधलंस त्याच्या?" मी म्हटलं, उभे राहायला हवेत ना कान. भीमाबाय म्हणाली, "त्याला आयकाला येतं नाय का? मंग उबं कशाला पायजेत?" आणि शेंगा मोजायला बसली. उभ्या पनवेलमध्ये एवढा सरळ प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

माघ सरता सरता एक कान उठला. डावा. अप्पांनी आळीत सगळ्यांना बोलावून दाखवला. "एक उठला, दुसरा उठेलच." तात्या म्हणाले, "अर्धा साहेब झाला म्हणायचा." माझा तास वाचला.

त्याच आठवड्यात पेणची मंडळी मला बघायला आली. मुलगा खाली मान घालून बसलेला, बोलणं सगळं काकांचं. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले. काकांनी विचारलं, "मुलगी सकाळची बाहेर दिसते असं कानावर आलं. आमच्याकडे मुलीबाळींनी हिंडलेलं चालत नाही." अप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "हिंडत नाही हो. कुत्र्याला फिरवते. जातिवंत जनावर आहे, कोंडून ठेवलं की बिघडतं." काका म्हणाले, "ते मात्र खरं." आणि पोहे खाल्ले.

त्या खोलीत सात माणसं होती. एकाच्याही कानाला ते वाक्य टोचलं नाही. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं, खरंच पाहिलं. आई चटणी वाढत होती. दादा पंख्याने वारा घेत होता. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. मला वाटलं, सगळ्या बशा भिरकावून द्याव्यात. नाही दिल्या. वर लिंबाची फोड हवी का म्हणून विचारलं.

मी मॅट्रिकला बसले नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी पेढ्यांची वाट बघत बसायला नको. वैशाखात लग्न झालं, पेणला गेले. नवरा सरळ माणूस होता. दुकानाची बेरीज चुकली की वही गुपचूप माझ्याकडे सरकवायचा आणि मी गुपचूप दुरुस्त करायची. पस्तीस वर्षं हे चाललं. त्याच्यावर माझा राग नाही, तो बिचारा शेंगदाणेच वेचत राहिला. सीझरचा दुसरा कान कधी उठला नाही. पण अप्पांनी त्याला हाकललं नाही, तोपर्यंत जीव जडला होता. दादा त्याला बाजारातून फिरवायला न्यायचा आणि कुणी हसत नसे. गावठीपणा त्याला माफ झाला.

आता इथे कुणाला वाटेल, म्हातारी बापावर चिडली आहे. चिडले आहेच. काकांवर, दादावर, तात्यांवर, आईवर, सगळ्यांवर आलटून पालटून चिडून झालं आहे. पोरी आता गळ्यात ओळखपत्र अडकवून न्हावा शेव्याच्या ऑफिसात जातात, रात्रपाळीला जातात, त्यांना कुठल्या कुत्र्याचं निमित्त लागत नाही, आणि मी खिडकीतून बघताना मला बरं वाटण्याऐवजी आधी तिडीक येते. ती कुणावर, हे मात्र मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

फाल्गुनातली सकाळ होती, नऊचा सुमार. मी नुकतंच सीझरला फिरवून आणलं होतं. त्या दिवशी बाई घरी नव्हत्या, हॉल तिकिटं आणायला शाळेत लवकर गेल्या होत्या, म्हणून मी तळ्यावरूनच परत आले होते. सीझर ओटीच्या खांबाला बांधलेला. अप्पा झोपाळ्यावर. अंगणाचं फाटक वाजलं आणि मालतीबाई आत आल्या.

सीझरने त्यांना माझ्याआधी पाहिलं. एव्हाना तो परक्या माणसाला अंगणात पाऊल टाकू देत नसे, सगळी आळी त्याला भ्यायची. पण बाई दिसल्या आणि तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला. साखळी ताणली गेली, शेपूट खांबावर आपटायला लागली, आणि लहान मूल करतं तसा ऊं ऊं आवाज काढायला लागला. अप्पांनी "या बाई, बसा" म्हटलं. बाई त्याच्याकडे न बघता बाकावर बसल्या. सीझर होता होईल तेवढा पुढे सरकला आणि त्याने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. डोळे मिटले.

मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते.

बाई म्हणाल्या, "कुमुदचं हॉल तिकीट आलंय. सोमवारपासून पेपर आहेत. मुलगी तयार आहे. बसू द्या तिला, पुढचं तुम्ही ठरवाल तसं."

"तयार?" अप्पा म्हणाले. "चार महिने घरात आहे ती. तयार कशाने झाली?"

"ते तिलाच विचारा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे. मला एक वाक्य बोलायचं होतं, तीन शब्दांचं. मी तयार आहे. मला बीजगणित येत होतं, प्रमेयं येत होती, पट्ट्याखालचे सगळे रायडर सुटलेले होते. अप्पांनी मात्र ते विचारलं नाही. ते कुत्र्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "कुमुद, हा बाईंना ओळखतो?"

ते ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. त्यांनी कसंही विचारलं असतं तरी मी तेच म्हणाले असते जे म्हणाले.

"तो सगळ्यांशीच असं करतो, अप्पा."

बाईंनी माझ्या हातातला पेला घेतला. सगळं पाणी संपवलं. सीझरचं डोकं दोन्ही हातांनी उचलून हळूच बाजूला ठेवलं, हॉल तिकीट पर्समध्ये परत घातलं आणि म्हणाल्या, "बरं आहे. येते मी." त्या आळीच्या वळणापर्यंत जाईस्तोवर कुत्रं केकाटत होतं. मी बाईंना वाचवलं नाही, कुत्र्यालाही नाही. मी त्या क्षणी कुणाच्या रागापासून वाचत होते, तर जो माणूस रागावलेलाच नव्हता त्याच्या.

अप्पांना सगळं कळलं होतं. तळहातावरच्या तांदळावरून गाव सांगणारा माणूस, त्याला कुत्र्यावरून वाट कळणार नाही होय? त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. झोपाळ्यावरून उठले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "शहाणी आहे माझी पोर."

आणि मला बरं वाटलं. बाई अजून वळणाआड गेल्या नव्हत्या, आणि मला खरोखर, मनापासून बरं वाटलं. त्याचा राग येतो मला.